कुटुंबांना स्वावलंबी करणाऱ्यांना काय शिकवतात?

समाजकल्याण, महिला व बालविकास, आरोग्य, कौशल्य विकास अशा चार-पाच खात्यांचे कर्मचारी एका सभागृहात बसवायचे, त्यांना संयुक्त प्रशिक्षण द्यायचे, मग गरीब कुटुंबाची सगळी कामे एकाच ठिकाणी होतील आणि ते लवकर स्वतःच्या पायावर उभे राहील. ही कल्पना ऐकताक्षणी पटते. जातीच्या दाखल्यासाठी एक टेबल, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दुसरे, आणि तिसऱ्या टेबलावरचे साहेब रजेवर, हे ज्याने भोगले आहे त्याला तर जास्तच पटते. तेव्हा माझा विरोध कर्मचाऱ्यांना शिकवण्याला नाही. विचारायचे आहे ते एवढेच, की त्यांना नेमके काय शिकवले जाते? कुटुंब गरीब का आहे, या प्रश्नाचे कोणते उत्तर त्या वर्गात आधीच धरून चाललेले असते?

बाबासाहेबांनी हा प्रश्न नोव्हेंबर १९३२ मध्ये विचारला होता. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. ३० सप्टेंबरला मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संघ काढण्यात आला. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सरचिटणीस अमृतलाल ठक्कर. हाच पुढे हरिजन सेवक संघ झाला. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघालेल्या बाबासाहेबांनी बोटीवरून, १४ नोव्हेंबर १९३२ रोजी, ठक्करांना एक लांबलचक पत्र लिहिले. आपल्या चळवळीत त्या पत्राची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

पत्रातला मुद्दा असा. दलितांच्या उद्धाराचे काम दोन वाटांनी करता येते. एक वाट म्हणते, माणूस गरीब आहे तो त्याच्या वागणुकीमुळे. मग त्याला दारू सोडायला सांगा, व्यायामशाळा काढा, वाचनालय काढा, काटकसर शिकवा. दुसरी वाट म्हणते, माणूस ज्या परिस्थितीत जगतो ती परिस्थितीच त्याला वर येऊ देत नाही, म्हणून आधी परिस्थितीला हात घाला. बाबासाहेबांनी दुसरी वाट योग्य ठरवली आणि कामेही नावानिशी सांगितली. सार्वजनिक विहिरी, शाळा, चावडी, वाहने यांवरचा नागरी हक्क गावोगाव बजावून घ्या. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नाहीत, ती बंदी मोडा.

आणि शेवटी कार्यकर्त्यांचा मुद्दा. एवढ्या कामाला माणसांची फौज लागेल, ती कोणती माणसे? पगार मिळतो म्हणून आज हे काम आणि उद्या दुसरे करणाऱ्यांकडून हे होणार नाही. ज्याला त्या लोकांबद्दल जिव्हाळा आहे तोच त्यांची सेवा करू शकतो, आणि असा जिव्हाळा दलितांमधून आलेल्या कार्यकर्त्यात असण्याचा संभव अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या पत्राची साधी पोचही त्यांना मिळाली नाही. संघ पहिल्याच वाटेने गेला.

हीच पहिली वाट पुढे तीस वर्षांनी एका श्रीमंत राष्ट्राने सरकारी तिजोरी उघडून, कायदा करून, कर्मचाऱ्यांना रीतसर प्रशिक्षण देऊन चालून पाहिली. ते राष्ट्र म्हणजे अमेरिका. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, १९४६ मध्ये त्यांनी डू बॉइस यांना पत्र लिहिले, आणि १९७२ मध्ये आपल्या पोरांनी संघटनेला पँथर हे नाव तिथूनच घेतले. तेव्हा तिथल्या काळ्या माणसांचा अनुभव आपल्याला परका नाही.

अमेरिकेत १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा झाला. म्हातारपणाचे पेन्शन आणि बेकारी भत्ता, हे दोन्ही कामगाराचा हक्क म्हणून आले. पण शेतमजूर आणि घरकामगार त्यातून वगळले. त्या काळी काळे लोक मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते. कायद्यात कुठेही वर्णाचा उल्लेख नाही, आणि तरी बहुसंख्य काळे कामगार बाहेर! (आपल्याकडचे 'जातनिरपेक्ष' निकष ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.) हक्काच्या दारातून जे आत येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी मागचे दार होते. वडिलांचा आधार नसलेल्या मुलांच्या आईला मिळणारी तुटपुंजी मदत. ती कोणाला द्यायची हे राज्य सरकारे आणि त्यांचे कर्मचारी ठरवत.

त्यांनी ते कसे ठरवले? १९४३ मध्ये लुईझियाना राज्याने नियम केला की शेतात मजुरीची गरज असेल त्या दिवसांत काम करू शकणाऱ्या आईला मदत मिळणार नाही. म्हणजे कापूस वेचणीचा हंगाम आला की मदत बंद. मळेवाल्याला स्वस्त मजूर मिळावेत म्हणून केलेल्या या सक्तीला नाव मात्र बाईने स्वतः कमवावे असे. 'स्वावलंबन' या शब्दाचा तो एक जुना सरकारी अर्थ आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्याच राज्याने १९६० मध्ये पुढची मजल मारली. लग्नाबाहेर मूल झालेल्या बाईचे घर मुलांना 'योग्य' नाही असे ठरवून सुमारे २३ हजार मुलांची मदत एका फटक्यात तोडली. त्यातली बहुतेक सगळी काळी. घर अयोग्य म्हणावे तर मुलांना त्याच घरात ठेवले होते, फक्त त्यांचे अन्न काढून घेतले होते. एवढा गाजावाजा झाला की जानेवारी १९६१ मध्ये केंद्रातले मंत्री आर्थर फ्लेमिंग यांना आदेश काढावा लागला. मूल त्या घरात राहते तोवर घर अयोग्य आहे एवढ्याच कारणाने मदत नाकारता येणार नाही.

या पार्श्वभूमीवर १९६२ चा सार्वजनिक कल्याण दुरुस्ती कायदा आला. केनेडी सरकार उदारमतवादी होते, हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. म्हणणे असे, की नुसते पैसे देऊन गरिबी हटत नाही. कुटुंबाला समुपदेशन, मार्गदर्शन, पुनर्वसन द्या, म्हणजे ते मदतीच्या यादीतून बाहेर पडेल. त्यासाठी शिकलेले कर्मचारी हवेत. म्हणून अशा सेवांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाच्या खर्चातले शंभरातले पंचाहत्तर डॉलर केंद्राने देऊ केले. एका कर्मचाऱ्याकडे साठपेक्षा जास्त कुटुंबे नसावीत असेही ठरले. कर्मचाऱ्यांना शिकवून कुटुंबांना स्वावलंबी करण्याची ही त्या काळातली मोठी सरकारी योजना. पैसा होता, नियम होते, सदिच्छा होती.

आता कायदा होऊन सहा महिने झाले नाहीत तोच काय घडले ते पाहा. कॅलिफोर्नियातला अलामेडा परगणा, ओकलंडचा भाग. जानेवारी १९६३ मधला एक रविवार, पहाटेची वेळ. कल्याण खात्याचे कर्मचारी दोघा-दोघांच्या जोड्या करून मदत घेणाऱ्या बायकांच्या घरांवर धाडले गेले. एकाने पुढचे दार ठोठवायचे, दुसऱ्याने मागच्या दारी उभे राहायचे. घरात पुरुष लपला आहे का हे पाहायला झोपायच्या खोल्या, कपाटे तपासायची. पुरुष सापडला की मदत बंद. वॉरंट नाही, गुन्ह्याचा संशय नाही. या कामासाठी कर्मचाऱ्यांना आधी एकत्र बसवून सूचना दिल्या होत्या. म्हणायचेच तर तेही संयुक्त प्रशिक्षणच होते!

त्या कर्मचाऱ्यांत बेनी पॅरिश नावाचा एक अंध समाजसेवक होता. त्याने या छाप्यात जायला नकार दिला. वरिष्ठांचा हुकूम मोडला म्हणून त्याला नोकरीवरून काढले. तो कोर्टात गेला, आणि १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की असे छापे घटनाविरोधी आहेत आणि ते नाकारणाऱ्याला शिक्षा करता येत नाही. डोळे असलेल्यांना जे दिसले नाही ते त्याला दिसले, असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे लिहिणे अन्याय होईल. डोळसांनाही दिसत होतेच. त्यांना नोकरी गमावायची नव्हती.

अलाबामात १९६४ पासून आणखी एक नियम होता. आईकडे कोणी पुरुष येत-जात असेल तर तो मुलांचा 'पर्यायी बाप' समजायचा आणि मुलांची मदत बंद करायची, मग तो मुलांना एक पैसा देत असो वा नसो. या नियमाने सुमारे १६ हजार मुले यादीतून गेली, त्यातली नव्वद टक्के काळी. सेल्माच्या परिसरातल्या श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ यांची मदत अशीच तुटली. त्या पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत खानावळीत राबत आणि आठवड्याला १६ ते २० डॉलर मिळवत. त्यांना चार मुले होती. काम न करणारी, आयते खाणारी म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जाते ती बाई प्रत्यक्षात अशी असते. १७ जून १९६८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो नियम रद्द केला.

मग १९६२ च्या प्रशिक्षणाचे फळ काय? मदतीच्या याद्या आटल्या नाहीत, दशकाच्या शेवटी त्या दुपटीहून जास्त फुगल्या. उजव्यांनी याचा अर्थ लावला की लोकांना फुकटाची चटक लागली. खरे कारण वेगळे होते. ज्यांचा हक्क असूनही ज्यांना आजवर दारातूनच परत पाठवले जात होते, ते लोक आत येऊ लागले होते.

ते आत आले कारण ते संघटित झाले. लॉस एंजेलिसच्या वॉट्स वस्तीत १९६३ मध्ये जॉनी टिलमन या बाईने मदत घेणाऱ्या आयांची संघटना बांधली. टिलमन मूळच्या आर्कान्सासच्या, वाट्याने शेती करणाऱ्याच्या घरातल्या. लॉन्ड्रीत कपड्यांना इस्त्री करून त्यांनी मुले वाढवली. कामगार युनियनचा अनुभव गाठीशी होता. जून १९६६ मध्ये ओहायो राज्यात क्लीव्हलँड ते कोलंबस असा सुमारे १५५ मैलांचा मोर्चा निघाला आणि त्यातून राष्ट्रीय कल्याण हक्क संघटना उभी राहिली. जॉर्ज वायली हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक नोकरी सोडून त्यात पूर्णवेळ उतरले होते, टिलमन अध्यक्षा झाल्या.

या बायकांनी काय केले? खात्याची नियमपुस्तिका मिळवली. फक्त कर्मचाऱ्यांनी वाचायचे ते पुस्तक. न्यूयॉर्कमध्ये त्यात लिहिलेले निघाले की मदत घेणाऱ्या घरात प्रत्येकाला पलंग हवा, चादरी हव्यात, हिवाळ्याचा कोट हवा, नसेल तर त्यासाठी वेगळी रक्कम मागता येते. वर्षानुवर्षे हे कोणी सांगितलेच नव्हते. मग बायकांनी साध्या भाषेत याद्या छापल्या, वस्तीवस्तीत एकमेकींना शिकवल्या, अर्ज भरले आणि शेकड्यांनी कार्यालयात जाऊन बसल्या. जो कर्मचारी कालपर्यंत बाईच्या कपाटात डोकावत होता त्याच्यासमोर ती आज कलम आणि पान क्रमांक ठेवत होती. माझ्या मते त्या दशकातले सर्वात यशस्वी प्रशिक्षण हेच, आणि ते कर्मचाऱ्यांचे नव्हते. सरकारने अर्थातच १९६८ मध्ये न्यूयॉर्कमधली ती वेगळी रक्कम बंद करून सरसकट ठरावीक रक्कम सुरू केली. हक्क माहीत झाला की नियम बदलतो, हेही आपल्या ओळखीचे आहे.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे, नाहीतर कर्मचारी म्हणजे शत्रू असा समज होईल. जानेवारी १९६५ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या कल्याण खात्याचे सुमारे ८ हजार कर्मचारी २८ दिवस संपावर गेले. पगाराबरोबर त्यांची एक मागणी होती की एका माणसाकडे साठपेक्षा जास्त कुटुंबे देऊ नका, कारण एवढ्या गर्दीत कोणाकडेच नीट पाहता येत नाही. कायद्याने कागदावर दिलेला आकडा त्यांना संप करून मिळवावा लागला. आणि १९७० मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय कोणाची मदत तोडता येणार नाही. मदत ही मेहेरबानी राहिली नाही, निदान काही वर्षे.

काही वर्षेच. पैशाअभावी ती संघटना १९७५ मध्ये मोडली. १९८८ च्या कायद्याने कामाची अट घट्ट केली आणि २२ ऑगस्ट १९९६ रोजी क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने मदतीचा हक्कच काढून टाकला. केंद्राच्या पैशातून आयुष्यभरात जास्तीत जास्त साठ महिने, तेही कामाच्या अटीवर. 'कौटुंबिक स्वावलंबन' हा शब्द या काळात सरकारी कागदावर सर्वत्र झळकू लागला. कल्याण, रोजगार, बापाकडून पोटगी वसूल करणारे खाते, सगळ्यांचे कर्मचारी एकत्र शिकू लागले. परिणाम? १९९६ मध्ये दर शंभर गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही रोख मदत मिळत होती. २०२० मध्ये २१. गरिबी तेवढी घटली नव्हती, दार बंद झाले होते.

आणि दारावरचा माणूस? फ्लोरिडा राज्यातल्या कर्मचाऱ्यांवर संशोधकांनी एक प्रयोग केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्मचाऱ्यांना काल्पनिक प्रकरणे दिली, फक्त बाईचे नाव काळ्या किंवा गोऱ्या समाजातले वाटेल असे बदलले. प्रकरणात बाईबद्दल आधीची एखादी बदनामीकारक नोंद घातली की काळ्या नावाच्या बाईला दंड करण्याची शिफारस वाढली. गोऱ्या नावाच्या बाईच्या बाबतीत तसे झाले नाही. हे सगळे प्रशिक्षित लोक होते.

आता आपल्याकडे या. 'कुटुंब' हा घटक धरून गरिबी हटवण्याचा आपला मोठा प्रयोग म्हणजे एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम. २ ऑक्टोबर १९८० पासून तो देशातल्या सगळ्या विकास गटांत लागू झाला. दरवर्षी गटामागे ६०० कुटुंबे निवडायची, बँकेचे कर्ज आणि सरकारी अनुदान देऊन म्हैस, शेळ्या, बैलगाडी, शिलाई यंत्र द्यायचे. त्याच्या जोडीला तरुणांना धंद्याचे शिक्षण. गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, ग्रामसेवक, बँकेचा व्यवस्थापक, सगळ्यांनी मिळून कुटुंब दारिद्र्यरेषेच्या वर न्यायचे. पुण्याच्या गोखले संस्थेतले नीळकंठ रथ यांनी १९८५ मध्ये हिशेब मांडून दाखवले की या वाटेने फारच थोडी कुटुंबे रेषा ओलांडतील, त्यापेक्षा रोजगार हमीसारखे मजुरीचे काम द्या.

रथांचा हिशेब अर्थशास्त्राचा होता. त्यात आपण एक गोष्ट मिळवायची. भूमिहीन महाराच्या, मांगाच्या दारात म्हैस बांधली, तर तिला चारा कोणाच्या बांधावरचा? गायरानात पाय ठेवला की डोकी फुटतात. आणि तिचे दूध घेणार कोण? घनश्याम शहा, सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांचा अभ्यास करून २००६ मध्ये पुस्तक काढले. अनेक गावांत दलितांना गावच्या दूध संस्थेत दूध घालू देत नाहीत, हे त्यात नोंदवलेले आहे. मग कर्जाचा हप्ता थकला की बँकेच्या वहीत शेरा पडतो, 'लाभार्थी उदासीन'. विणकाम खात्याचे दार बंद ठेवून माणसाला काटकसर शिकवू नका, हे बाबासाहेबांनी ठक्करांना सांगितले ते हेच.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांना घेऊन तुरुंग भरले ते म्हशीसाठी नाही, जमिनीसाठी. शासनाने २००४ मध्ये त्यांच्याच नावाने सबळीकरण व स्वाभिमान योजना काढली, भूमिहीन अनुसूचित जातीच्या कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. योजना चांगली आहे. पण जमीन विकत घेऊन द्यायची, आणि आपल्या लोकांना द्यायची म्हटल्यावर गावात विकणारा पुढे यायला हवा. तो येत नाही तेव्हा काय करायचे, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात?

कोणी म्हणेल, आता तर त्या खुर्च्यांवर आरक्षणाने आपलेही लोक बसले आहेत. बसले आहेत, आणि त्यातले कित्येक जीव तोडून काम करतात. पण बाबासाहेबांची अट जिव्हाळ्याची होती. जन्माने त्याचा संभव वाढतो एवढेच ते म्हणाले होते, हमी दिली नव्हती. शिकलेल्यांनी दगा दिल्याचे दुःख १९५६ मध्ये आग्र्याला त्यांनीच बोलून दाखवले.

तेव्हा तुमच्या जिल्ह्यात कुठल्याही खात्याचे असे संयुक्त प्रशिक्षण झाले तर माहिती अधिकारात त्याचे वेळापत्रक मागवा. त्यात ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ ला, म्हणजे कर्तव्यात कसूर करणाऱ्या लोकसेवकाच्या शिक्षेला, किती तास दिले होते? २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अपील कसे करायचे हे लाभार्थ्याला सांगण्याची जबाबदारी कोणाची, हे शिकवले का? व्याख्याते कोण होते, आणि त्यात वस्तीतली, योजना नाकारली गेलेली एक तरी बाई होती का? उत्तर आले की ती कागदपत्रे वस्तीत वाचून दाखवा. आणि योजनेचा मूळ शासन निर्णय, साहेबाच्या कपाटात असतो तो, त्याच्या झेरॉक्स काढून बायकांच्या हातात द्या.